सासूबाईंनी पाठवलेलं निळं पाणी

नवाकदल, श्रीनगर
२ डिसेंबर १९८२

मुख्ता मासी,

अस्सलामु अलैकुम. आधी दार लाव आणि मगच हे पत्र वाच. वाचून झालं की कांगडीतल्या निखाऱ्यावर टाक. आईने कधी विचारलंच तर सांग, तस्लीमाने लोकरीचा भाव विचारला होता.

स्थळ तू आणलंस, म्हणून गाऱ्हाणंही तुझ्याकडेच. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी काय केलंय, तुला ठाऊक आहे? तीन दिवसांपूर्वी तुमच्या लोलाबची बस आली आणि संध्याकाळी तिचा कंडक्टर आमच्या दारात उभा. हातात भुशाने माखलेलं गोणपाटाचं गाठोडं. म्हणाला, “सोगामच्या फाझी आपांनी दिलंय. मुलीच्या हातातच द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं दहादा बजावलंय.” देऊन झाल्यावर काहीतरी बोलायलाही सांगितलं होतं म्हणे, पण सोपोरला चाक बदलायच्या गडबडीत तो ते विसरला. गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि गेला.

आत कल्हईचा तांब्याचा डबा निघाला. मला वाटलं, मध असेल, नाहीतर अक्रोड. झाकण काढते तर काय, पाणी! अर्धा डबा निळसर पाणी, आणि त्यात कागदाचा लगदा. कागदावर जे काही लिहिलेलं होतं ते सगळं पाण्यात उतरलेलं.

मी काही इतकी मठ्ठ नाही. लहानपणी ताप आला की आजी मला पिराकडचा तावीज पाण्यात घालून पाजायची. शाई पाण्यात उतरली की ते पाणी प्यायचं. तेव्हा सासूबाईंनी माझ्यासाठी पिराकडून पाणी आणलं, हे मला लगेच कळलं. कशासाठी, तेही कळलं. निशाणीला, लग्न पक्कं झालं त्या दिवशी, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं ना, “अशी भरलेली मुलगी आमच्या डोंगरात बघायला मिळत नाही.” सगळ्या हसल्या, मीही हसले. मला बावळीला ते कौतुक वाटलं!

मासी, मला जाडी म्हणायला त्यांनी थेट पीर गाठला. लाजेने मेल्यासारखं झालंय मला. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, बाबांना तर नाहीच.

पाणी मी प्यायले. तीन सकाळी, अनशापोटी. चवीला अगदी शाईसारखंच लागलं. जीभ निळी पडली तेव्हा आई म्हणाली, “डिसेंबरात तुती कुठून मिळाल्या गं तुला?” काल लाकडाच्या वखारीत जाऊन वजनही करून आले. एका पारड्यात मी, दुसऱ्यात वजनं. अडुसष्ट किलो! वखारवाला म्हणाला, “ओल्या लाकडाचं असंच होतं.” मेला.

तू म्हणशील, एवढं कशाला मनाला लावून घेतेस? अगं, शफी मला आवडलाय. निशाणीच्या दिवशी उंबऱ्यावर मी अडखळले तर तो हळूच म्हणाला होता, “सावकाश. एप्रिलमध्ये मला तू अख्खी हवी आहेस.” त्याच्या आईला मी अर्धी हवी असेन, तर मी अर्धी होऊन दाखवीन. पण हे लग्न मोडायला नको.

तुझी,
तस्लीमा


सोगाम, लोलाब
९ डिसेंबर १९८२

तस्ला,

तुझी इडापिडा मला लागो. तुझं पत्र वाचताना मीठचहाचा पेला माझ्या हातातून सुटला आणि फेरनवर सांडला. पिराची ओळ पुन्हा वाचली, तेव्हा उरलेलाही सांडला.

फाझीने? त्या फाझीने? जी स्वतः दारातून आडवी होऊन आत जाते, तिने माझ्या बहिणीच्या पोरीला बारीक व्हायचं पाणी पाठवलं? तौबा तौबा! मला तर वाटलं होतं, इतकी दिलखुलास बाई या खोऱ्यात दुसरी नाही. आणि वरून किती गोड वागते म्हणून सांगू! अठ्ठावीस तारखेला आमच्याकडे पहिला बर्फ पडला. सकाळी ही माझ्या दारात हजर. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. “मुख्ता, वाळवलेली वांगी आणलीत, धर.” मी धरलं. धरल्याबरोबर ही अंगणात नाचायला लागली, “नवा बर्फ मुबारक! नवा बर्फ मुबारक!” फडक्यात बर्फ! न ओळखता हातात घेतला म्हणजे मी हरले. मग काय, तिच्या अख्ख्या घराला कोंबडा शिजवून घातला. त्या दिवशी तिने अर्ध्या गावाला असंच गंडवलं. म्हणे कुणाकुणाला तर बाहेरगावीही पाठवलाय. साठीला आली, तरी पहिला बर्फ पडला की तिच्या अंगात येतं. तुम्ही शहरातले लोक हे खेळ विसरत चाललात, इथे अजून त्यावर जेवणावळी उठतात.

आणि ज्या हातांनी मला हसत बर्फ दिला, त्याच हातांनी तुला तावीज पाठवला! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी तिच्याशी बोलणं टाकलंय. काल कांदुराकडे रोटी घ्यायला गेले तर तिथे ती. हसून म्हणते कशी, “मुख्ता, शहरातून काही खबर?” मी पाठ फिरवली. रोटी न घेताच घरी आले. तुझ्या काकांना शिळी खायला घातली.

तू ते पाणी पहिलं ओतून टाक. पिराचं पाणी पीरच जाणे, पण पोटात शाई कशाला? बारीक व्हायचंच असेल तर त्याचे साधे उपाय आहेत. एक म्हणजे जेवायचं उभ्याने. बसून खाल्लेलं पोटावर बसतं, उभ्याने खाल्लेलं पायात उतरतं आणि चालून संपतं. माझ्या नणंदेची जाऊ अशीच बारीक झाली. पुढे तिचे पाय फार सुजले, पण पोट गेलं हे खरं. दुसरं, कुणी बघत असताना खायचं नाही. नजरेने अन्न फुगतं.

तुझ्या आईला मीही काही कळवत नाही. कळलं तर ती रडत बसेल, आणि तुझे बाबा आपल्या दोघींना बोल लावतील.

मुख्ता मासी


नवाकदल, श्रीनगर
२८ डिसेंबर १९८२

मासी,

तुझ्या पत्राने जीवात जीव आला. निदान कुणीतरी माझ्या बाजूने आहे. पाणी ओतायला उरलंच नव्हतं, मी संपवलं होतं. आणि ऐक, गुण आला! मागच्या आठवड्यात वखारीत पुन्हा वजन केलं, सहासष्ट! दोन किलो कमी! मी आनंदाने वखारवाल्याला दुआ दिली. घरी येऊन फेरन काढलं तेव्हा लक्षात आलं, पहिल्या वेळी फेरनच्या आत कांगडी होती. पेटलेली, भरलेली. या वेळी ती घरी विसरले होते. दोन किलो वजन कांगडीचंच होतं. इतकं रडले, मासी!

उभ्याने जेवायचाही प्रयत्न केला. बाबांनी विचारलं, “बस पकडायची आहे का?”

पण आता खरा उपाय सापडलाय. चिल्लई कलान, कडाक्याच्या थंडीचा चाळिसा, लागला आणि दुसऱ्याच दिवशी इथे ढोपरभर बर्फ पडला. शेजारची हमीदा सकाळीच रुमालात बर्फ गुंडाळून आली होती. म्हणे, “ही घे सुई-दोऱ्याची पुडी.” मी काय ओळखणार नाही? हात मागे घेतले आणि म्हटलं, “मला नव्या बर्फात फसवणारी अजून जन्माला यायची आहे!” तीच हरली, तिला मला कहवा पाजावा लागला.

तो पिताना तिचा नवरा, लसा काक, आत आला. तो दवाखान्यात कंपाउंडर आहे, डॉक्टरांहून जास्त बोलतो. म्हणाला, “बर्फ खा. बर्फ पोटात गेला की वितळायला त्याला ऊब लागते. ती ऊब शरीर कुठून आणणार? चरबी जाळून! जेवढा बर्फ खाशील तेवढी चरबी जळेल. पोटात बुखारी पेटल्यासारखी. विलायतेत बायका यासाठी पैसे मोजतात, इथे तो छपरावरून फुकट पडतो.” मी तोंडात बोट घातलं. एवढी सोपी गोष्ट आणि आजवर कुणालाच सुचली नाही?

हमीदाने मग त्यात भर घातली. बर्फ छपराचाच हवा, जमिनीचा जड असतो. पहिला थर काढून टाकायचा. सूर्य वर यायच्या आत खायचा. आणि चावायचा नाही, चावला की दात जाडे होतात. दात जाडे झालेले मी कुणाचे पाहिले नाहीत, पण उगाच धोका कशाला?

रोज पाच वाट्या खाते. भात सोडला. रोटी सोडली. आईला सांगितलंय, पोट बिघडलंय.

तस्लीमा


सोगाम, लोलाब
१० जानेवारी १९८३

अगं पोरी,

काय ऐकतेय मी हे! तुझ्या काकांना पत्र वाचून दाखवलं (माफ कर, पोटात ठेवता आलं नाही), तर त्यांच्या हातातला हुक्का तसाच राहिला. “बर्फ? खायला?” म्हणाले. साठ हिवाळे मी हा बर्फ झाडून काढतेय, कधी त्याला अन्न म्हणून बघितलं नाही. छपरावरचा म्हणतेस? छपरावर कावळे काय करतात, हे तुझ्या त्या कंपाउंडरने सांगितलं नाही का? ताबडतोब बंद कर!

आणि आता जे लिहिते ते वाचून घाबरू नकोस. मीच घाबरलेय ती पुरे.

फाझीच्या घरातलं वारं फिरलंय. तिचा सासरा, समद बब, शफीचा आजोबा, ऐंशीचा म्हातारा. तोंडात एक दात नाही, पण जीभ अजून तिखट. मशिदीकडे जाताना येताना माझ्या दारापाशी थांबतो आणि विचारतो, “मुख्ता, शहरातून काही आलं का?” एकदा नाही, दोनदा नाही, चार वेळा विचारलं! मी म्हटलं, काय यायचं होतं? तर नुसता मान हलवतो आणि पुढे जातो. काल तर दोन माणसांदेखत म्हणाला, “आमची नातसून अजून पाठवतेच आहे म्हणायची.” ती माणसं फिदीफिदी हसली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे देणंघेणं मागतायत! आधी मुलगी जाडी म्हणून पाणी पाठवलं, आता उघड उघड हात पसरतायत! जबान देताना एका शब्दाने बोलले नव्हते. माझं डोकं फिरलं. मी तिथेच, रस्त्यात, बर्फात उभी राहून ओरडले, “शहरातून काही येणार नाही, बब! आज नाही, उद्या नाही. मुलगी न्यायची तर आहे तशी न्या, नाहीतर राहू द्या!”

म्हातारा एवढा पांढरा पडला, की मला वाटलं इथेच पडतो की काय. काठी टेकत घरी गेला. दुपारपासून फाझीच्या दाराला आतून कडी आहे.

जरा जास्तच बोलले का गं मी? पण कुणीतरी बोलायलाच हवं होतं. रस्ता बंद व्हायची चिन्हं आहेत, हे पत्र मिळेल तेव्हा मिळेल.

मुख्ता मासी


नवाकदल, श्रीनगर
३ फेब्रुवारी १९८३

मासी,

तुझं पत्र तीन आठवडे कुपवाड्यात अडकलं होतं. ते आलं आणि त्याच टपालात सोगामहून दुसरं पत्र आलं, बाबांच्या नावावर. शफीच्या वडिलांचं. चारच ओळी होत्या. ‘आपल्याकडून आलेला निरोप पोचला. आपलं मन बदललं असल्यास स्पष्ट कळवावं. आम्ही गरीब डोंगराळ माणसं, पण मान राखून आहोत. निशाणी परत करण्यास आमची हरकत नाही.’

बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग त्यांनी आईला विचारलं, आईने मला विचारलं. कोणता निरोप? कुणी पाठवला? मी काय सांगणार? तुझं नाव घेऊ? निळ्या पाण्याचं सांगू? मी म्हटलं, मला माहीत नाही. मी बाबांशी पहिल्यांदा खोटं बोलले.

मासी, तू हे काय करून बसलीस! मी तुला भांडायला सांगितलं होतं का? मी एवढंच विचारलं होतं की काय करू. मला शफी हवाय. मला ते घर हवंय. सासूबाई मला जाडी म्हणाल्या तरी चालेल, रोज म्हणाल्या तरी चालेल. मी सगळं प्यायला तयार होते की! आणि तू रस्त्यात उभी राहून म्हणालीस, राहू द्या?

बर्फ सोडलेला नाही. आता तोच एक उपाय हातात आहे. मी बारीक होऊन त्यांच्या समोर उभी राहिले, तर कदाचित त्यांना कळेल की मी त्यांचं ऐकलं. घसा बसलाय, बोलले की दार कुरकुरल्यासारखा आवाज येतो. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधार येतो. नुसता बर्फ आताशा उतरत नाही म्हणून त्यात थोडी साखर घालते. साखर घातली की कोरडा लागतो म्हणून थोडं दूध. वखारीतलं वजन सांगत नाही. गाल खपाटीला गेलेत आणि काटा मनासारखा हलायला तयार नाही. लसा काक म्हणतो, साखर पांढरी असते, ती बर्फातच धरायची.

दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरीण बाईंना हळूच विचारलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, “वाटीभर बर्फ वितळवायला शरीराला जेवढं लागतं, तेवढं तीन बदामांत मिळतं. तू दोन महिने मरमर करून बदामांशी भांडते आहेस.” मग हसणं थांबवून माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, “भात खा. आजपासून.”

मी त्यांचं ऐकलं नाही. तू सासूबाईंकडे जा, मासी. माफी माग, पाय धर, काय वाटेल ते कर.

तस्लीमा


सोगाम, लोलाब
१२ फेब्रुवारी १९८३

तस्ला,

बस. खाली बस आणि मग वाच.

तुझं पत्र घेऊन मी तशीच फाझीच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते, पण दारात पाय ठेवला आणि तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, “पोरीला काय पाठवायचं ते पाठवलंत, आणि वर निशाणी परत?” समद बब बुखारीशेजारी बसला होता. म्हणाला, “मुख्ता, पाठवायचं होतं ते आम्ही पाठवलं. यायचं होतं ते आलं नाही. अडीच महिने झाले. मुलीने नवा बर्फ हातात घेतला. कंडक्टर कुराणाची शपथ घेऊन सांगतो, हातातच दिला. मी फाझीला म्हटलं होतं, शहरातून दुसरं काही नको, मला हरिसा हवा, रात्रभर शिजवून घोटलेलं मऊ मटण. मला आता तेवढंच चावता येतं. शफीने चिठ्ठीत तसं लिहिलं आणि ती डब्यात घातली. मी अख्ख्या मशिदीत सांगून बसलो, की माझी नातसून माझ्यासाठी शहरातून हरिसा पाठवणार आहे. हरिसा नाही तर नाही, एक हसरी चिठ्ठी तरी? आणि तोंडाने मागायचं तर आमच्याकडे ते हरण्याहून वाईट. मग तू रस्त्यात सांगितलंस, काही येणार नाही.”

या खुदा! पोरी, तो बर्फ होता! डब्यात बर्फ होता! त्या येडीने सोगामचा पहिला बर्फ दाबून दाबून भरला, भुशात गुंडाळला आणि सव्वाशे किलोमीटर पाठवला. तो पोचेल अशी तिला खात्री होती. कंडक्टर जे बोलायचं विसरला ते “नवा बर्फ मुबारक” होतं. तो निळा रंग शफीच्या पेनातल्या शाईचा. पीर नाही, तावीज नाही, बारीक होणं नाही. तू सासूचा बर्फ प्यायलीस आणि नवऱ्याचं अक्षर प्यायलीस! आणि मी शहाणी, मी स्वतः त्याच बर्फात फसलेली, मला कळू नये? मी तिथेच कपाळावर हात मारला आणि चुलीपाशी फतकल मारून बसले.

पण सगळं सांगायची माझी हिंमत झाली नाही, तस्ला. खोटं कशाला बोलू? एवढंच म्हणाले, “डबा पोचेपर्यंत वितळला होता, पोरीला कळलं नाही. आणि माझं डोकं फिरलं होतं, मला माफ करा.” बबने मान हलवली. पण फाझी माझ्या डोळ्यांत बघत होती. म्हणाली, “वितळला तरी पाणी होतंच ना? पाण्याचं काय केलं तिने?” मी चुलीतली लाकडं सारली. “मुख्ता, काय केलं?” मी फेरनच्या बाहीत तोंड घातलं. ती उठली. म्हणाली, “मीच जाऊन विचारते.” आज सकाळी रस्ता पुन्हा उघडला आणि पहिल्या बसने ती निघालीसुद्धा.

हे पत्र तिच्यामागच्या बसने टाकतेय. ते तिच्याआधी पोचावं म्हणून जीव टांगणीला लागलाय माझा. पोचलं तर ती विचारील तेव्हा सांग, ओतून दिलं.

मुख्ता मासी


नवाकदल, श्रीनगर
१९ फेब्रुवारी १९८३

मासी,

तुझं पत्र सासूबाईंनंतर दोन दिवसांनी पोचलं.

त्या आल्या तेव्हा मी मागच्या अंगणात वाटी घेऊन उभी होते. आई बाजारात, बाबा कामावर. दार उघडंच होतं. मागून आवाज आला, “तस्लीमा?” मी वळले. सासूबाई! त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. म्हणाल्या, “ही कोण? माझी सून कुठे आहे?” मासी, त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना मी खरंच ओळखू आले नाही.

त्यांनी वाटी बघितली. “हे काय खातेस?” मी म्हटलं, “बर्फ.” तोही त्या बसलेल्या आवाजात. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, हात धरून मला आत नेलं, स्वतःची कांगडी माझ्या फेरनमध्ये सरकवली आणि समोर बसल्या. मग विचारलं, “मी डबा पाठवला होता. त्यातल्या पाण्याचं काय केलंस?”

मला काय माहीत काय सांगायचं होतं! मी खरं सांगितलं. “प्यायले.”

“प्यायलीस? का?”

“तुम्ही पाठवलं म्हणून. बारीक व्हायला.”

मग सगळंच बाहेर आलं. निशाणीतलं त्यांचं वाक्य, पीर, निळी जीभ, वखार, उभ्याने जेवण, लसा काक. मी रडत सांगत होते आणि त्यांना आधी हसू आवरेना. “माझा बर्फ प्यायली! शफीचं पेन प्यायली!” असं म्हणत त्यांनी मांडीवर थापा मारल्या. डब्यात बर्फ होता आणि चिठ्ठीत समद बबचा हरिसा होता, हे त्यांनी हसताहसताच सांगितलं. अडीच महिने, मासी! अडीच महिने मी एका थट्टेसाठी उपाशी राहिले होते.

मग त्यांचं हसणं एकदम थांबलं. म्हणाल्या, “थांब. तुला वाटलं, सासूने तुला कमी करायला पाणी पाठवलं. कुणाचं, कशाचं, ठाऊक नाही. आणि तू मुकाट्याने प्यायलीस?”

“हो.”

“आईलाही विचारलं नाहीस?”

“नाही.”

“मग उद्या मी खरंच काही वाईट दिलं असतं, तर तेही प्यायली असतीस?”

मी मान डोलावली. प्यायलेच असते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. इतकं घाबरलेलं मोठं माणूस मी कधी बघितलं नव्हतं. त्या सांगू लागल्या. त्यांची थोरली मुलगी, झूना, बारामुल्याला दिली होती. तू मला हे कधी सांगितलं नाहीस, मासी. सासरचे म्हणाले, कमी खा, तिने कमी खाल्लं. म्हणाले, माहेरी लिहू नकोस, तिने लिहिलं नाही. ताप अंगात घेऊन कामं करत राहिली, कारण कुणी ‘खाली बस’ म्हटलं नाही. सासूबाईंना बोलावणं गेलं तेव्हा ती एवढीशी झाली होती, की गादीवर माणूस आहे हे त्यांना आधी दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. “निशाणीला तू दुसऱ्यांदा भात वाढून घेतलास ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी बाहेर जाऊन रडून आले होते. आनंदाने. म्हटलं, हिला भूक लागते आणि ही ते सांगते. माझ्या घरात अशीच हवी. म्हणून तुझ्या पाठीवर हात ठेवून बोलले. आणि तू त्या बोलण्यावर उपाशी राहिलीस?”

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्याही रडल्या. तेवढ्यात आई आली. तिला काहीच कळेना, मग तीही आमच्यात बसून रडली.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मुख्ताला शिव्या नंतर, आधी हरिसा.” दुसऱ्या सकाळी ते स्वतः हरिसावाल्याच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले. समद बबसाठी मोठं भांडं भरून, वर गरम तेल ओतून, लोलाबच्या बसने रवाना केलंय. या वेळी कंडक्टरकडून निरोप तीनदा वदवून घेतला. लग्न ठरल्या दिवशी, एप्रिलमध्येच आहे.

तू मला ‘ओतून दिलं सांग’ म्हणून लिहिलंस, त्याबद्दल मात्र भेटल्यावर आपण भांडणार आहोत.

काल निघण्याआधी सासूबाईंनी स्वतः रांधलं आणि मला समोर बसवून वाढलं. पहिला डाव भात मी कसा संपवला कळलंच नाही. दुसराही. तिसऱ्याला श्वास लागला, पण खाल्ला. त्यांनी चौथा डाव भरला आणि माझ्या ताटावर धरला. आई शेजारीच बसली होती. मी म्हटलं, “नको.”

आईने खालून मला इतका जोरात चिमटा काढला, की अजून वळ आहे. सासूला नको म्हणतात का कधी!

सासूबाईंचा हात तसाच वर राहिला. म्हणाल्या, “काय म्हणालीस? पुन्हा म्हण.”

“नको.”

“मोठ्याने.”

घसा फाटका, तरी मी ओरडलेच, “नको!” शेजारच्या खोलीतून बाबा धावत आले, काय झालं म्हणून.

सासूबाईंनी डाव पातेल्यात ठेवला आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. म्हणाल्या, “माझ्या झूनाने हे एकदा म्हटलं असतं, तर आज ती तुझी नणंद असती.”

तुझी,
तस्लीमा